मेलेले ढोर सोडले, जिवंत जनावराचे शास्त्र कधी घेणार?

तालुक्याच्या कोर्टात गायरानाच्या एका प्रकरणाची तारीख होती. आमची पक्षकार असलेली मावशी सकाळच्या एसटीने आली, "जयभीम, वकीलसाहेब" म्हणाली आणि बाकावर बसून राहिली. एरवी बोलू लागली की न थांबणारी ही बाई त्या दिवशी गप्प होती. विचारले तेव्हा कळले, की पंधरवड्यात तिच्या सहापैकी चार शेळ्या मेल्या. आधी ताप आला, मग नाकाला धार लागली, तोंडात फोड आले आणि शेवटी हगवण. "एकामागून एक गेल्या साहेब. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणले, याची लस असती. लस असती हे आमाला शेळ्या मेल्यावर कळलं."

या शेवटच्या वाक्याने आम्हाला अस्वस्थ केले. लेकीची बारावीची फी, घरावरचे पत्रे आणि कोर्टाच्या तारखांचा खर्च, सगळे त्या चार शेळ्यांवर उभे होते. शेळीला लोक गरिबाची गाय म्हणतात. आम्ही म्हणतो, ती भूमिहीनाचे बँकेतले खाते आहे. सातबारा नसलेल्या माणसाला बँक दारात उभे करीत नाही, पण दवाखान्याच्या वेळी शेळी विकता येते. अशी चार खाती एका रोगाने बुडाली. डॉक्टरांनी त्या रोगाचे नाव पीपीआर सांगितले. त्याची लस आपल्याच देशात तयार होते आणि एकदा टोचली की किमान तीन वर्षे शेळीचे रक्षण करते.

आम्ही चौकशी केली. त्याच तालुक्याच्या ठिकाणी दोन महिन्यांपूर्वी पाच दिवसांचे शेळीपालन प्रशिक्षण झाले होते. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक आले होते. लसीकरण, कृत्रिम रेतन, मुरघास, आझोला, गोठ्याची रचना असे सगळे विषय शिकवले गेले. प्रमाणपत्रे वाटली गेली, फोटो छापून आले. प्रशिक्षणार्थींमध्ये बागायतदारांची मुले होती, निवृत्तीनंतर जोडधंदा शोधणारे नोकरदार होते, फार्म हाऊस बांधलेले व्यापारी होते. मावशीची वस्ती तिथून पंधरा किलोमीटरवर. तिथले एकही माणूस त्या यादीत नव्हते.

कोणी तरी मुद्दाम त्यांना वगळले, असा आमचा आरोप नाही. वगळण्याची गरजच पडली नाही. सूचना व्हॉट्सॲपवर फिरली ती ज्यांच्या ग्रुपवर फिरायची त्यांच्यातच. नाव नोंदवायला शुल्क होते. वेळ सकाळी दहा ते पाच, सलग पाच दिवस, आणि ते दिवस सोयाबीन काढणीचे. रोजंदारीवर जाणारी बाई पाच दिवसांची मजुरी बुडवून, वर शुल्क भरून, एसटीचे भाडे काढून कशी येणार? दारावर कुलूप नव्हते. पण दारापर्यंत पोहोचण्याची वाटच तिच्यासाठी आखलेली नव्हती. आजची विषमता ही अशी असते. ती पाटी लावत नाही, वेळापत्रक लावते.

येथे थोडा इतिहास आठवला पाहिजे. गावगाड्याने आपल्या समाजाला जनावरांपासून कधी दूर ठेवले नव्हते. उलट जनावर मेले की पहिला निरोप महारवाड्यातच यायचा. मेलेले ढोर ओढायचे, सोलायचे, त्याचे मांस खायचे, आणि त्याच कारणाने विटाळाचे धनी व्हायचे, अशी ती व्यवस्था होती. जनावर जिवंत असताना मालक दुसरा, मेल्यावर वारसदार आपण! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा, हीन कामे टाकून देण्याचा आदेश दिला. समाजाने तो पाळला. गावोगाव त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले, पण ढोर ओढायला माणूस गेला नाही. ही आपल्या चळवळीची फार मोठी कमाई आहे.

परंतु आम्हाला आज एक प्रश्न विचारावासा वाटतो. बाबासाहेबांनी मेलेले ढोर सोडायला सांगितले. जिवंत जनावराचे शास्त्र सोडा, असे ते कधी म्हणाले होते काय? ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, त्याच परळमध्ये १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय उभे आहे. एकीकडे जनावराचे शास्त्र शिकवणारी संस्था आणि दुसरीकडे जनावराचे मढे ओढणारा समाज, यांच्यामधले अंतर शंभर वर्षांत किती कमी झाले, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

आज महाराष्ट्रात या शास्त्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली नागपूरला सुरू झाले. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत. अशा विद्यापीठाची कामे तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. यातल्या विस्ताराचा अर्थ साधा आहे. प्रयोगशाळेत जे कळले ते गोठ्यापर्यंत नेणे आणि गोठ्यातली अडचण प्रयोगशाळेपर्यंत आणणे. जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रेही याच कामासाठी आहेत. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पुद्दुचेरीला निघाले आणि आज त्यांची संख्या सातशेच्या वर गेली आहे. म्हणजे संस्था आहेत, इमारती आहेत, शास्त्रज्ञ आहेत. तरीही राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली शेतकरी कुटुंबांना विचारले, तेव्हा पिकांबद्दल कोणत्या तरी मार्गाने माहिती मिळालेली कुटुंबे सुमारे ४० टक्के निघाली, आणि जनावरांबद्दल माहिती मिळालेली जेमतेम ५ टक्के. या आकड्याला वीस वर्षे उलटली. मोबाईल आला, यूट्यूब आले. पण मावशीच्या वस्तीत अजून ते २००३ सालच चालू आहे.

आणि हा विषय किरकोळ नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या १ कोटी ६ लाखांच्या आसपास होती. राज्याच्या एकूण पशुधनात ती जवळपास एक तृतीयांश भरते. गाय-म्हैस पाळायला चारा लागतो, चाऱ्याला जमीन लागते, पाणी लागते. शेळी मात्र बांधावर, माळावर, झुडपावर जगते. म्हणून ती भूमिहीनाच्या दारात दिसते, आणि त्या दारात तिची देखभाल बहुतेक बाईच करते. शेळीचे शास्त्र हे त्यामुळे आपल्या मायमाउल्यांच्या हातात पडायचे शास्त्र आहे.

ही गोष्ट जगात दुसऱ्या एका शोषित समाजाने फार आधी ओळखली. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' मुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरोघरी माहीत आहेत. गुलामीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ अलाबामातील टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या संस्थेत शिकवत होता. आसपासचे गरीब काळे शेतकरी संस्थेत येऊ शकत नाहीत, हे त्याने पाहिले. त्यांना रोजच्या राबण्यातून सवड नव्हती. तेव्हा १९०६ साली संस्थेने एक घोडागाडी तयार केली. तिच्यात नांगर, बियाणे, खते, लोणी काढण्याचे यंत्र असे सामान भरले आणि ती गाडी शेतकऱ्यांच्या दारात नेली. शाळेत माणूस येत नसेल तर शाळेने माणसाकडे जावे, हा तो विचार.

पण पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९१४ साली अमेरिकेने विस्तारसेवेचा कायदा केला, त्यासाठी सरकारी पैसा दिला. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांची एक आणि काळ्यांची एक अशी दोन कृषी महाविद्यालये होती. पैसा कोणाला द्यायचा हे राज्याच्या विधिमंडळांवर सोडले गेले, आणि विधिमंडळे गोऱ्यांची होती. काय झाले असेल ते सांगायला नको. पुढे कर्ज आणि मदत देताना तिथल्या कृषी खात्याने भेदभाव केला म्हणून काळे शेतकरी १९९७ साली न्यायालयात गेले. पिगफर्ड नावाने गाजलेल्या या खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली ती तारीख होती १४ एप्रिल १९९९. आपल्या जयंतीच्या दिवशी दूर देशातल्या शोषितांना मिळालेला तो न्याय होता. सरकारला सुमारे एक अब्ज डॉलर मोजावे लागले. यातून आम्ही एवढाच धडा घेतो, की ज्ञान आणि मदत कोणाच्या दारात जाते हा हक्काचा प्रश्न आहे, आणि हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता कोणी म्हणेल, पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला एवढे काय महत्त्व? महत्त्व त्या कागदाला आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून शेळीपालनाच्या उद्योगाला ५० टक्के अनुदान मिळते. त्यासाठी प्रकल्प किमान १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा हवा, जागा स्वतःची नाही तर भाड्याची तरी हवी, आणि अर्जदाराकडे प्रशिक्षण किंवा पुरेसा अनुभव हवा. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असलेला सरळ आत जातो. मावशीच्या तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला कोण देणार? आणि सहा शेळ्यांवरून शंभरावर ती कुठल्या शिडीने चढणार? राज्याच्या योजनेत अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला दहा शेळ्या आणि एक बोकड ७५ टक्के अनुदानावर मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण रोगाचे ज्ञान न देता दहा शेळ्या दिल्या तर त्या वर्षभरात मरतात. मग अधिकारी म्हणतात, "या लोकांना काही दिले तरी टिकत नाही." शेळी लस न मिळाल्याने मरते आणि बदनामी जातीची होते!

दुसरा प्रश्न अभ्यासक्रमाचा. मावशीच्या शेळ्या गेल्यानंतर आम्ही अशाच एका प्रशिक्षणात मागच्या बाकावर जाऊन बसलो. प्राध्यापक मनापासून शिकवत होते. त्यांनी सांगितले, चाऱ्यासाठी निदान अर्धा एकर राखून ठेवा. आमच्या शेजारी बसलेल्या एका मातंग तरुणाने हात वर केला आणि विचारले, "सर, ज्याला जमीनच नाही त्यानं चारा कुठं लावायचा?" सर क्षणभर थांबले, मग म्हणाले, "तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण आपला अभ्यासक्रम तसा नाही." प्रामाणिक उत्तर होते. त्या उत्तरातच सगळे आले. अभ्यासक्रम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो शेतकरी होता, त्याच्याकडे जमीन होती.

भूमिहीनाला लागणारे तंत्रज्ञान फार महागही नाही. पीपीआरची लस. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस. वेळेवर जंतनाशक. करडू जन्मल्यावर तासाभरात त्याला आईचा चीक पाजणे आणि नाळेला आयोडीन लावणे. त्याच कळपातला बोकड पिढ्यान् पिढ्या न ठेवता बदलणे, कारण रक्ताच्या नात्यात पैदास झाली की करडे अशक्त निपजतात. तुरीचे, हरभऱ्याचे, सोयाबीनचे भुसकट सुगीत गोळा करून उन्हाळ्यासाठी साठवणे. मराठवाड्यात उस्मानाबादी शेळी आहे. जुळी करडे देणारी आणि दुष्काळ सोसणारी ही आपल्या मातीची जात. तिच्यातल्या निवडक बोकडांचे गोठवलेले रेत आज उपलब्ध होऊ शकते. पण ते द्रवरूप नत्रात उणे १९६ अंशांवर ठेवावे लागते आणि नेमक्या वेळी शिकलेल्या हाताने वापरावे लागते. तो शिकलेला हात वस्तीतल्या मुलीचा का नसावा? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे काम केले आणि माण तालुक्यातल्या ग्रामीण स्त्रिया ते शिकल्या. म्हणजे हे होऊ शकते. उमेदच्या पशुसखीही गावात प्राथमिक देखभालीचे काम करतात. उपचार आणि शस्त्रक्रिया हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरचेच काम आहे, त्यात कोणी हात घालू नये. पण रोग ओळखून वेळेवर डॉक्टरला फोन करणे हे काम वस्तीतलेच माणूस करू शकते.

आणखी एक साधे यंत्र आहे, ताणकाटा. व्यापारी वस्तीत येतो, शेळीच्या पाठीवरून हात फिरवतो आणि नजरेने भाव सांगतो. वजन केले की बोलणे बदलते. एक काटा वस्तीच्या विहारात टांगला, तर त्याची किंमत पहिल्याच बकरी ईदला वसूल होईल.

चराईचेही असेच. आमच्याकडे ॲट्रॉसिटीच्या ज्या फिर्यादी येतात, त्यातल्या काहींची सुरुवात शेळी कोणाच्या तरी बांधावर गेली इथून झालेली असते. शेळीचे निमित्त असते, राग वेगळाच असतो. म्हणून बंदिस्त, निदान अर्धबंदिस्त शेळीपालन हा आपल्यासाठी केवळ उत्पन्नाचा विषय राहत नाही, तो स्वाभिमानाचाही होतो. दावणीला चारा असला की दुसऱ्याच्या बांधाकडे पाहावे लागत नाही. पण त्यासाठी पायाखाली हक्काची जागा हवी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने गायरानावरची भूमिहीन दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक ज्या भूमीसाठी तुरुंगात गेले, त्या लढ्याचे हे उशिरा आलेले फळ होते. तरीही मावशीसारखे कितीतरी जण आज तारखांवर तारखा घेत आहेत. नावावर जागा नाही म्हणून योजना नाही, आणि योजना नाही म्हणून त्याच जागेवर गोठा नाही.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्ही एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. संविधानाचा अनुच्छेद ४८ म्हटले की सर्वांना गोवंश हत्याबंदी तेवढी आठवते. त्या अनुच्छेदाचा पहिला भाग कोणी वाचत नाही. कृषी आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे, असे तो भाग राज्याला सांगतो. त्याच्या दोन पावले आधी अनुच्छेद ४६ आहे. अनुसूचित जाती-जमातींचे आणि दुर्बल घटकांचे शैक्षणिक व आर्थिक हित विशेष काळजीने जपावे, असे तो सांगतो. हे दोन्ही अनुच्छेद शेजारी ठेवून वाचले की विस्तारसेवेचे धोरण आपोआप तयार होते. मार्गदर्शक तत्त्वांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करून घेता येत नाही, हे खरे. पण देशाच्या कारभारासाठी ती मूलभूत आहेत, हेही संविधानच सांगते. गाईच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्यांनी या पहिल्या भागासाठी कधी एक निवेदन दिले आहे काय?

आणि आपण तरी कुठे दिले? येथे आम्हाला आपल्याच घराकडे बोट दाखवावे लागते. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार जातो, पण वस्तीतल्या शेळ्यांना लस टोचली का, हे विचारायला जात नाही. शिकलेली पोरे म्हणतात, "शिकून काय शेळ्या राखायच्या?" त्यांची चीड आम्ही समजू शकतो. जातीने लादलेल्या कामाचा वास अजून नाकातून गेलेला नाही. कोणी आपल्या मुलांना नोकरी, वकिली, डॉक्टरकी सोडून शेळ्यांमागे पाठवा म्हणेल, तर त्याला आम्हीच प्रथम विरोध करू. पण जे गावात राहिले आहेत, ज्यांच्या दारात आजच शेळ्या आहेत, त्यांचे काय? त्यांनी अज्ञानातच राहावे काय? धम्माच्या दृष्टीनेही यात कमीपणा नाही. मज्झिम निकायातील महागोपालक सुत्तात तथागतांनी चांगल्या गुराख्याचे अकरा गुण सांगितले आहेत. जनावराच्या खुणा ओळखणे, माश्यांनी घातलेली अंडी काढणे, जखम बांधणे, गोठ्यात धूर करणे, पाणवठा आणि कुरण ओळखणे, सगळे दूध पिळून न घेणे. भिक्खूंना धम्म समजावण्यासाठी त्यांनी गुराख्याचे ज्ञान आदर्श म्हणून घेतले. ज्ञानाने केलेले काम हीन नसते. हीन असते ती सक्ती.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठाच्या आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणातला ठरावीक हिस्सा वस्तीवर, विहारात, समाजमंदिरात, संध्याकाळी आणि मजुरांच्या सवडीच्या दिवसांत व्हावा. भूमिहीनांकडून शुल्क घेऊ नये, दिवसभराचे प्रशिक्षण असेल तर बुडालेली मजुरी द्यावी. भूमिहीनांसाठी वेगळा अभ्यासक्रम लिहावा आणि तो लिहिताना वस्तीतल्या बायांना समोर बसवावे. अनुसूचित जाती उपयोजनेचा जो निधी कृषी संशोधनाच्या संस्थांना मिळतो, त्यातून कोणत्या गावात कोणाला शिकवले याच्या याद्या जाहीर कराव्यात. त्या जाहीर होत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. प्रत्येक तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याने असा एक अर्ज टाकला, तरी मोठे काम होईल. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याने आमच्याकडे यावे.

मावशीच्या वस्तीत आम्ही पशुधन अधिकाऱ्यांना पत्र दिले, दोनदा भेटलो, तिसऱ्यांदा ते आले. लस बर्फाच्या पेटीत आणली होती. विहारासमोर शेळ्या उभ्या राहिल्या, दीड तासात काम झाले. मावशीने आपल्या उरलेल्या दोन शेळ्या आणल्या आणि टोचून झाल्यावर अधिकाऱ्यांना विचारले, "पुढची कधी टोचायची?" त्यांनी तारीख सांगितली. तिच्या लेकीने ती विहाराच्या भिंतीवर, पौर्णिमांच्या यादीखाली, खडूने लिहून ठेवली. ती तारीख चुकू न देणे हे आता आपल्या सर्वांचे काम आहे.

जयभीम!